सोन्याचे कान, बुरशीच्या कॅसेटी

हाय-एंड ऑडिओवाल्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "मासिकं होती म्हणून एसएसीडी जगली." वाक्य शंभर टक्के खरं आहे. आणि ते खरं आहे म्हणूनच मला त्याचा राग येतो!

तर मंडळी, या वीकएन्डला थोडं भांडायचं ठरवलंय. गाव लासुर्णे, तालुका इंदापूर. समोर ऊस, पलीकडे बारामती-इंदापूर रस्ता, हातात चहा. भांडायला यापेक्षा बरी जागा हिंजवडीत मिळणार नाही :)

आधी ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधी सीडी म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा. नायक्विस्टचं प्रमेय आपण सगळ्यांनी तिसऱ्या वर्षी घोकलेलं आहे, त्यामुळे हिशोब सोपा. साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात बसतो. माणसाचा कान तरुणपणी, तेही नशीब चांगलं असेल तर, २० पर्यंत जातो. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलची रेंज मिळते. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा हे पुरेसं होतं आणि आपल्या कानात तेव्हापासून काही फर्मवेअर अपडेट आलेला नाही.

तरी १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने सुपर ऑडिओ सीडी म्हणजे एसएसीडी आणली. इथे १६ बिट नाहीत, एकच बिट, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा. सोनीच्या पहिल्या प्लेअरची, एससीडी-१ ची अमेरिकेतली किंमत होती ५,००० डॉलर. २००० मध्ये डीव्हीडी फोरमवाल्यांनी डीव्हीडी-ऑडिओ आणली, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत. ही खरं तर आधीच यायची होती, पण १९९९ च्या शेवटी डीव्हीडीचं कुलूप फुटलं आणि नवं कुलूप बनवेपर्यंत लाँच पुढे ढकलावं लागलं. म्हणजे गाणं तयार, प्लेअर तयार, फक्त कुलपासाठी थांबलेत! या एका गोष्टीवरून दोन्ही फॉरमॅटची मानसिकता कळते. एसएसीडीचा हाय-रेझोल्यूशन थर संगणकाच्या ड्राइव्हमध्ये वाचता येत नव्हता, प्लेअरमधून साध्या डिजिटल केबलने बाहेर काढता येत नव्हता. सोनीच्या सुरुवातीच्या बऱ्याच डिस्कवर सीडीचा थरही नव्हता, म्हणजे गाडीत वाजणार नाही, वॉकमनमध्ये वाजणार नाही. पैसे मोजून आणलेली वस्तू घरात एकाच खोलीत, एकाच खुर्चीत बसून ऐकायची.

आणि २००१ मध्ये आयपॉड आला. पुढे काय झालं ते सांगायला नको. डीव्हीडी-ऑडिओ काही वर्षांत संपली. एसएसीडी मात्र मेली नाही. अजूनही निघतात. युरोपातली शास्त्रीय संगीताची काही लेबलं काढतात, अमेरिकेतली जुन्या गाण्यांची पुनर्मुद्रणं करणारी मंडळी काढतात आणि जपानमध्ये तर त्यांचा चांगला बाजार आहे. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, रुग्ण आयसीयूत आहे पण श्वास चालू आहे.

त्याला ऑक्सिजन कोणी दिला? मासिकांनी. इथे मी अजिबात वाद घालत नाही. उलट एक नमुना देतो. ‘दि ॲब्सोल्यूट साउंड’ हे अमेरिकन मासिक हॅरी पिअरसन यांनी १९७३ मध्ये सुरू केलं. त्यांची सर्वोत्तम रेकॉर्डची एक यादी असायची. त्यात आरसीएच्या ‘लिव्हिंग स्टिरिओ’ आणि मर्क्युरीच्या ‘लिव्हिंग प्रेझेन्स’ मालिकेतल्या १९५०-६० च्या दशकांतल्या रेकॉर्डचा मोठा भरणा. यादीत नाव आलं की जुन्या बाजारात त्या रेकॉर्डचा भाव आकाशाला. मग १९९० च्या दशकात त्याच रेकॉर्डची महागडी पुनर्मुद्रणं निघाली आणि २००४ च्या सुमारास त्याच एसएसीडीवर आल्या. एका संपादकाची आवड तीस वर्षांनी रेकॉर्ड कंपनीची ऑर्डरशीट झाली. लेखणीत ताकद असते ती अशी.

जपानचं ‘स्टिरिओ साउंड’ तर आणखी पुढे गेलं. १९६६ पासून निघणारं हे मासिक स्वतःच एसएसीडी काढून विकतं, त्यात जपानी गायक-गायिकांच्या जुन्या मास्टर टेपवरून केलेल्या डिस्कही असतात. परीक्षण लिहिणाराच प्रकाशक! यात गोंधळ आहे, पण निदान त्यांनी आपल्या भाषेतली गाणी तरी वाचवली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता राग कशाचा ते सांगतो.

मासिकांनी डिस्क वाचवली, पण ती ज्या कारणासाठी वाचवायची असं सांगितलं ते कारणच लंगडं होतं. "एसएसीडी ऐकल्यावर पडदा दूर झाल्यासारखं वाटतं" छापाची वाक्यं वर्षानुवर्षं छापली गेली. हा पडदा नक्की कुठला? सॅम्पलिंग रेटचा की आणखी कशाचा? हे तपासायची पद्धत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचेल. ऐकणाऱ्याला न सांगता दोन्ही आलटून पालटून वाजवा, आवाजाची पातळी सारखी ठेवा आणि विचारा, कुठलं कुठलं? पातळी सारखी ठेवायला विसरू नका, कारण अर्धा डेसिबल मोठा आवाज कानाला "जास्त चांगला" वाटतो.

हे अमेरिकेतल्या बॉस्टनमधल्या ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन या दोघांनी केलं आणि २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज एकदा सरळ ऐकवला आणि एकदा मध्ये १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची गाळणी लावून, म्हणजे साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून. एकूण ५५४ चाचण्या. बरोबर उत्तरं २७६. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी हेच आलं असतं.

थांबा, दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. बारा हजारांहून जास्त चाचण्या. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के, आणि कान तयार केलेल्या श्रोत्यांमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फरक शून्य नाही. पण "पडदा दूर झाला" म्हणावं असा तर मुळीच नाही. बावन्न टक्क्यांना पडदा म्हणत नाहीत हो, फार तर कोळिष्टक म्हणा.

मग एसएसीडी खरंच चांगल्या वाजतात, त्या का? कारण मेयर-मोरन यांनीच नोंदवून ठेवलंय. या डिस्क चोखंदळ गिऱ्हाइकासाठी बनतात, त्यामुळे मास्टरिंग करणारा इंजिनिअर त्यावर जीव लावून काम करतो. साधी सीडी किंवा गाण्याची फाइल मोबाईलवर, रिक्षात, जिममध्ये मोठ्याने वाजावी म्हणून दाबून-दाबून सपाट केलेली असते. म्हणजे श्रेय माणसाचं आणि लेबल लागलं फॉरमॅटचं. याचा पुरावाही एका मासिकानेच दिला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची हायब्रिड एसएसीडी २००३ मध्ये आली. ‘स्टिरिओफाइल’ने मोजमाप करून दाखवलं की त्याच डिस्कवरच्या सीडी थरावरचा आवाज एसएसीडी थरापेक्षा जास्त दाबलेला आहे. म्हणजे दोन थरांची तुलना करून "बघा, एसएसीडी किती सरस" म्हणणारा माणूस फॉरमॅटची तुलना करतच नव्हता. तो दोन वेगवेगळी मास्टरिंग ऐकत होता.

मला वाटतं, त्या दिवशी या मासिकांनी ठरवायला हवं होतं. मोहीम चालवायची तर ती चांगल्या मास्टरिंगची. "साध्या सीडीवरही असाच आवाज द्या, तो बसतो त्यात" असं कंपन्यांना ठणकावून सांगायची. तसं लिहिलंही असेल कुणी कोपऱ्यात. पण मुखपृष्ठावर कोण? प्लेअर. किंमत काय? विचारू नका.

यात कट-कारस्थान वगैरे काही नाही, साधं अर्थकारण आहे. मास्टरिंग चांगलं करा ही सूचना विकता येत नाही. प्लेअर विकता येतो, प्लेअरची जाहिरात छापता येते, परीक्षणासाठी प्लेअर घरी आणून महिनोन् महिने ठेवता येतो. गंमत म्हणजे ‘स्टिरिओफाइल’ १९६२ मध्ये सुरू करणारे जे. गॉर्डन होल्ट यांनीच २००७ मध्ये, त्याच मासिकाला दिलेल्या मुलाखतीत, या धंद्याला झापलं होतं. ब्लाइंड टेस्टसारखी साधी प्रामाणिकपणाची कसोटी नाकारली तेव्हाच हाय-एंडची विश्वासार्हता गेली, असा त्यांचा रोख होता. बापानेच पोराचं प्रगतिपुस्तक लाल शाईने भरलं, आता मी आणखी काय लिहू?

कसोटी नाकारली की काय होतं त्याची दोन उदाहरणं अगदी अलीकडची.

पहिलं एमक्यूए. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या मेरिडियन कंपनीच्या बॉब स्टुअर्ट यांनी हे आणलं. (डीव्हीडी-ऑडिओमधलं कॉम्प्रेशनसुद्धा मेरिडियनचंच होतं.) मोठ्या मासिकांनी नव्या युगाचा जन्म झाल्यासारखं स्वागत केलं. मोजमाप करून शंका काढली ती बऱ्याच अंशी बाहेरच्या इंजिनिअरांनी आणि हौशी लोकांनी. २०२३ च्या एप्रिलमध्ये एमक्यूए कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये टायडलने एमक्यूए सोडून सरळ फ्लॅक फाइल धरली.

दुसरं त्याहून मजेदार. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतली नावाजलेली कंपनी, ओरिजिनल मास्टर टेपवरून एलपी काढणारी. गिऱ्हाइकांची समजूत अशी की सगळं काम ॲनालॉग, मध्ये डिजिटलचा स्पर्श नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात कळलं की २०११ पासून बऱ्याच रेकॉर्डमध्ये मधला टप्पा डिजिटल होता. आणि कुठला डिजिटल? डीएसडी, म्हणजे एसएसीडीचंच तंत्र! हे बाहेर काढलं ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या एका रेकॉर्डच्या दुकानदाराने. कोर्टकचेरी झाली, २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरचा समझोता झाला. आता मला सांगा, "डिजिटल लगेच कानाला टोचतं" म्हणणारे सोन्याचे कान ही सगळी वर्षं त्याच एलपींना शाबासकी देत होते ना? एकालाही टोचलं नाही?

खरं तर हा डिजिटलचा केवढा मोठा विजय आहे! साजरा करायला हवा होता. पण साजरा केला तर मग वीस हजारांची केबल कशी विकणार? असो.

इथवर वाचून एखादा म्हणेल, "अरे बाबा, त्यांचे पैसे, त्यांचा छंद. तुला काय त्रास?"

त्रास आहे. कारण हे वेड आपल्याकडेही आलं, आणि आलं ते नेमकं चुकीच्या टोकाकडून. मुंबईहून ‘एव्ही मॅक्स’ निघायचं, ‘व्हॉट हाय-फाय?’ची भारतीय आवृत्तीही निघाली. प्लेअर, स्पीकर, होम थिएटर, सगळं छान रंगीत. पण त्या हजारो रुपयांच्या प्लेअरमध्ये घालायला मराठी माणसाकडे काय होतं? माझ्या ऑफिसातल्या एका सीनिअरने हौसेने एसएसीडी प्लेअर घेतला. त्याच्याकडे डिस्क किती? अकरा. त्यातल्या दहा युरोप-अमेरिकेच्या. अकरावी ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’, पंडित विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची, ज्या अल्बमला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. सुंदर आहे, वादच नाही. पण हे रेकॉर्डिंग कुठलं? कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरामधल्या एका चॅपलमधलं, वॉटर लिली अकूस्टिक्स या तिथल्या छोट्या लेबलने केलेलं. म्हणजे आपलं वाद्य, आपला राग, पण ते "ऑडिओफाइल" ठरलं ते तिकडच्या मासिकांनी उचलून धरल्यावर.

मी त्याला विचारलं, "सर, भीमसेनजी? किशोरीताई?" तर म्हणाला, "अरे, ते मोबाईलवर ऐकतो."

हे एका वाक्यात सगळं आलं. लाखाचा सेट पाहुण्यांच्या डिस्कसाठी आणि घरचं गाणं मोबाईलवर! चूक त्याची नाही. त्याला जे वाचायला मिळालं त्यात चांगला आवाज म्हणजे परदेशी डिस्क असंच समीकरण होतं. आणि बाकीच्या महाराष्ट्राने काय घेतलं? सारेगामाचा कारवाँ. २०१७ मध्ये आला, आत ५,००० गाणी, बटण फिरवा आणि ऐका. आईवडिलांना भेट द्यायला लोकांनी भरभरून घेतला. हाय-एंडवाले नाकं मुरडतात, पण लोकांना रेझोल्यूशन नको होतं, त्यांना त्यांची गाणी हवी होती. हा निकाल बाजाराने केव्हाच दिलाय.

आमच्याकडे तर ‘डॉल्बी’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत! रे डॉल्बी यांनी टेपची खरखर कमी करण्यासाठी आयुष्य घालवलं आणि पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात त्यांचं नाव खिडक्यांची तावदानं थरथरवण्यासाठी लागलं. ‘सैराट’चं संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर मोठा ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केलं. चित्रपट घडतो आमच्या शेजारच्या करमाळ्याच्या बाजूला. आणि २०१६ च्या लग्नसराईत ते व्हायोलिन आम्ही ऐकलं ते असल्या भिंतीवरून, फुटक्या बेससकट. रेकॉर्डिंगच्या टोकाला जग जिंकलं, ऐकायच्या टोकाला बोंब. मधल्या माणसांना कुणी शिकवणार का? त्यावर कुठलं मासिक लिहितं?

पण मी सुरुवातीला म्हटलं तसं, छापील अक्षर फॉरमॅट वाचवू शकतं. आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला अमेरिकेत नाही, मुंबईत सापडतं.

१९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. टीआयएफआरमध्ये भौतिकशास्त्राचं काम करणारे डॉ. सुरेश चांदवणकर हे तिचे मुख्य चालक. संस्थेचं नियतकालिक ‘द रेकॉर्ड न्यूज’. विषय कुठला? लाखेच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात टाकाऊ फॉरमॅट! एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, खरखर फुकट, हातातून पडली की तुकडे. रेझोल्यूशनच्या भाषेत बोलायचं तर बोलायलाच नको.

आणि तरी त्या तबकड्यांत काय आहे? बालगंधर्व आहेत. मास्टर दीनानाथ आहेत. अब्दुल करीम खाँ आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत. ‘द रेकॉर्ड न्यूज’मध्ये टर्नटेबलचा स्टार-रेटिंगवाला तक्ता नसायचा. असायच्या याद्या. कुठल्या कलाकाराची कुठली तबकडी, लेबल कुठलं, नंबर काय, कधीची. कुणाचं चरित्र, कुठल्या कंपनीचा इतिहास, कुठल्या संग्राहकाकडे काय आहे. वाचायला कोरडं वाटेल, पण विचार करा. जुन्या बाजारात ढिगाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला या यादीमुळे कळतं की हातातली तबकडी दुर्मिळ आहे. ती भंगारात जात नाही. त्या नियतकालिकाचे जुने अंक आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात, शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहातसुद्धा आहेत.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एका बाजूला चकचकीत मासिकं, कोट्यवधींच्या जाहिराती, आणि त्यातून वाचला एक फॉरमॅट, ज्यात आपलं संगीत जवळजवळ नाहीच. दुसऱ्या बाजूला एक फिजिक्सवाला आणि त्याचे चार सोबती, टाकाऊ फॉरमॅट, साधा कागद, आणि त्यातून वाचलं संगीत. पहिल्याने लिहिलं कसं वाजतं. दुसऱ्याने लिहिलं काय आहे आणि कुठे आहे. माझं म्हणणं एवढंच की वाचवण्याचं काम दुसऱ्या प्रकारच्या लिखाणाने होतं.

आता आपल्या घरचं बघू. कारण पुढची वेळ कॅसेटवर आलीय, आणि ती आपल्या पिढीच्या हातात आहे.

तुकोबांची पालखी आमच्या गावावरून जाते. बारामतीकडून सणसर, बेलवाडीचं रिंगण, मग लासुर्णे, पुढे अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूर. दरवर्षी सप्ताह, दरवर्षी भजन, कीर्तन. १९८० आणि ९० च्या दशकांत कुणी ना कुणी टेपरेकॉर्डर पुढे ठेवून हे सगळं टेप करायचा. आमच्या घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत अशा ६३ कॅसेट आहेत. काहींवर माझ्या आजोबांचा आवाज, ते पखवाजाच्या शेजारी बसून चाल धरायचे. काहींवर अशा बुवांचं कीर्तन की ज्यांचं नाव आता गावात दोन म्हाताऱ्यांनाच आठवतं. कॅसेटवर लिहिलेलं काय? "भजन, बाजू अ". झालं! ना नाव, ना साल. सतरा कॅसेटींना पांढरी बुरशी आलीय.

अशी ट्रंक फक्त आमच्याच घरी आहे असं समजू नका. तुमच्या कोल्हापूरच्या काकांकडे आहे, नागपूरच्या आत्याकडे आहे, डोंबिवलीच्या माळ्यावर आहे. खाजगी मैफली, गणपतीतली गाणी, आजीच्या ओव्या, पहिली बोबडी कविता. ही कुठल्या सारेगामाच्या तिजोरीत नाहीत. एकच प्रत, तीही आपल्याकडे.

आणि घड्याळ चालू आहे. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयएएसए, यांनी मिळून ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ नावाचा प्रकल्प केला आणि त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. इशारा स्पष्ट होता. टेप वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं संपत चालली आहेत, आणि साधारण २०२५ नंतर टेपवरचा मजकूर उतरवून घेणं फार अवघड होत जाईल. ते साल उलटलंसुद्धा. टेप टिकेलही एखादवेळेस, पण वाजवायचं कशावर?

आता गंमत बघा. जे हाय-रेझोल्यूशन कानापाशी जवळजवळ फुकट जातं, ते इथे खरंच कामाचं आहे. आयएएसएच्या शिफारशीत जुना टेप उतरवताना किमान २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ सांगितलंय, आणि ९६ किलोहर्ट्झ सर्रास वापरतात. का? कारण तुमच्याकडे संधी एकच आहे. टेप दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही. आवाजाची पातळी कुठे वर जाईल, कुठे खाली, ते आधी माहीत नसतं, तेव्हा २४ बिटची मोकळी जागा असली की पीक कापला जात नाही. पुढे खरखर काढायची, वेग दुरुस्त करायचा, तर जास्तीचा डेटा उपयोगी पडतो. म्हणजे हाय-रेझ हे उतरवून घेण्याचं आणि दुरुस्त करण्याचं हत्यार आहे. ऐकताना सीडीचा दर्जा भरपूर. मासिकांनी हत्याराचाच दागिना करून विकला, ही माझी खरी तक्रार.

हिशोबही करून टाकू, आपण शेवटी आयटीवाले. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट्स. एका तासाला साधारण २.०७ जीबी. साठ मिनिटांच्या शंभर कॅसेट म्हणजे २०७ जीबी. फ्लॅक केलं तर आणखी बरंच कमी. एक टीबीच्या डिस्कवर साडेचारशेहून जास्त तास बसतात. एका बऱ्या एसएसीडी प्लेअरच्या किमतीत एक चालू स्थितीतला जुना डेक, एक साधा ऑडिओ इंटरफेस आणि तीन हार्ड डिस्क येतात. वर पैसे उरतात, त्यात गावातल्या बुवांना चहा पाजा आणि विचारा, "बुवा, हा आवाज कुणाचा?"

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. फाइलला ‘टेप००१’ नाव देऊन क्लाउडवर टाकलं की काम झालं असं वाटतं. अजिबात नाही. नाव नसलेली फाइल म्हणजे नंबर नसलेली तबकडी, दहा वर्षांनी तुमचाच मुलगा जागा रिकामी करायला ती डिलीट करेल. कोण गातंय, गाव कुठलं, साल साधारण कुठलं, पखवाजाला कोण, अभंग कुठला, टेप कोणी केली. एवढ्या सहा ओळी पुरेत. चांदवणकरांच्या मंडळींनी ७८ साठी केलं ते याहून वेगळं काय होतं? आणि या ओळी सांगू शकणारी माणसं सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा बॅकअप नसतो.

"आम्हाला वेळ कुठे?" हे उत्तर मला ऐकायचं नाही. दोन हेडफोनमधला फरक समजून घ्यायला आपण रात्रीच्या रात्री परीक्षणं वाचतो. स्टँडर्ड, प्रीमियम, लॉसलेस यांवर जेवणाच्या सुट्टीत तावातावाने बोलतो. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये लॉसलेस जादा पैसे न घेता देऊन टाकलं, म्हणजे ज्या गोष्टीसाठी मासिकं वीस वर्षं भांडली ती फुकट मिळाली, आणि बहुतेक जण ती ब्लूटूथवर ऐकतात. त्या भांडणात आता काही उरलेलं नाही. उरलंय ते ट्रंकेत.

ज्यांना एसएसीडी घ्यायचीय त्यांनी खुशाल घ्यावी. चांगलं मास्टरिंग मिळतं, मन लावून बसून ऐकणं होतं, ही काही वाईट गोष्ट नाही. फक्त ती घेतली म्हणजे आपण संगीताची सेवा केली असं कुणी सांगू नये.

माझ्या ६३ पैकी २१ आजवर उतरवून झाल्या. बुरशीवाल्यांना आधी साफ करावं लागतं, ते काम सावकाश करायचं असतं, घाईत टेप तुटते. आज दुपारी बाविसावी लावतोय. बाजू अ, भजन. आवाज ओळखायला शेजारचे आबा चार वाजता येणार आहेत. तुमच्या माळ्यावर काय आहे ते याच आठवड्यात एकदा बघून घ्या.